पाणी कुणी जोखायचं? घरच्या भट्टीतल्या ‘शिवकालीन’ शस्त्रांची समीक्षा

श्रोतेहो, समीक्षा म्हटली की आपल्याकडे पुस्तकाची, नाटकाची, फार तर सिनेमाची. तलवारीची समीक्षा कशी करणार, असं कुणालाही वाटेल. आमचं म्हणणं असं की ती करता येते, आणि आता करायलाच पाहिजे. कारण आपल्या भागातली पोरं शस्त्रं बनवू लागली आहेत. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक ग्राइंडर, एक वेल्डिंग मशीन, मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ, आणि चार दिवसांत तलवार तयार. कुणी कट्यार करतो, कुणी तारेच्या कड्या गुंफून चिलखत करतो, कुणी स्नेहसंमेलनासाठी पत्र्याचं शिरस्त्राण ठोकतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीत ती मिरवतात, फोटो निघतात, लोक ‘वा’ म्हणतात. पण ‘वा’ म्हणजे समीक्षा नव्हे.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने कबूल करू. ही पोरं हाताने काही करत आहेत. विकतची चकचकीत वस्तू आणून भिंतीवर टांगण्यापेक्षा ते शंभर पटींनी चांगलं. म्हणून त्यांची टिंगल करायला आम्ही उभे नाही. तक्रार वेगळी आहे. त्यांना कुणीच कठीण प्रश्न विचारत नाही. बघा, आपलं खामगाव चांदीसाठी नावाजलेलं, रजतनगरी म्हणतात त्याला. तिथे चांदीचं साधं निरांजन घेताना आपण शुद्धता विचारतो, वजन करून घेतो, डाक कुठे दिलाय ते उलटं करून बघतो. मग तलवार हातात आल्यावर आपण नुसती चमक का बघतो?

चमक बघायची सवय आपल्याला चित्रांनी लावली. कॅलेंडरवरची चित्रं, ऐतिहासिक सिनेमे, आता मालिका. चित्रातल्या तलवारीला वजन नसतं. पडद्यावरचं चिलखत नटाला दिवसभर पेलावं लागतं, म्हणून ते हलकं करतात. कधी तर ते नुसतं रंगवलेलं असतं. त्या चित्रकारांचा किंवा सिनेमावाल्यांचा यात दोष नाही, त्यांचं काम दिसण्याचं. घोटाळा होतो तो आपण चित्रावरून वस्तू करायला जातो तेव्हा. मग जी वस्तू तयार होते ती शस्त्राची प्रतिकृती नसते, चित्राची प्रतिकृती असते.

मग कसोटी कोणती? आमच्या मते तीन प्रश्न पुरेत. माल कोणता? सांधा कसा? आणि तोल कुठे?

पहिला प्रश्न, माल. बाजारातली साधी लोखंडी पट्टी, जिला आपण एम.एस. म्हणतो, तिच्यात कार्बन इतका कमी असतो की ती लाल करून पाण्यात बुडवली तरी कडक होत नाही. तिला धार येते आणि पहिल्याच घावाला ती धार वळते. त्यावर निकेलचा मुलामा दिला की आरशासारखी दिसते, एवढंच. याउलट ट्रकच्या कमानीचा जुना पाटा घ्या. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असतो, आणि तो खरंच कडक होतो. हे आपल्या लोहारांना कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत आहे. कुऱ्हाड करायची तर ते भंगारातून पाटाच शोधतात.

इथे थोडं इतिहासात जाऊ, कारण हा विषय आपल्या मातीपासून लांबचा नाही. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचं वर्णन आहे. त्या सुभ्यात आपलं मेहकर हे एक सरकार, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्यासारखा भाग. त्याच सुभ्यात इंदूर आणि निर्मल इथे पोलादाच्या खाणी असल्याची नोंद आहे. हे इंदूर म्हणजे आजचं तेलंगणातलं निजामाबाद. त्याच टापूतल्या कोनासमुद्रम गावी मुशीत पोलाद तयार होई, आणि ते विकत घ्यायला थेट इराणचे व्यापारी येऊन बसत. हेन्री व्हॉइसी या इंग्रज संशोधकाने ते काम डोळ्यांनी पाहिलं. त्याचं वर्णन 1832 साली छापलं गेलं. दोन प्रकारचं लोखंड मातीच्या मुशीत घालायचं, तोंड बंद करायचं, रात्रंदिवस भाता चालवायचा, मग सावकाश निवू द्यायचं. अशा पोलादाचं पातं घडवून घासलं की त्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. तिला जौहर म्हणतात. आज तशी नक्षी आम्लाने कोरून किंवा लेसरने छापून विकतात. खऱ्या पात्यात ती नक्षी पोलादाच्या पोटातून वर येते, आणि फरक कळायचा तर माल कळला पाहिजे.

आता ‘पाणी’ हा शब्दच घ्या. आपण म्हणतो, माणूस पाणीदार आहे, त्याचं पाणी जोखलं. हे पाणी लोहाराच्या भट्टीशेजारच्या टाक्यातलं आहे. पातं तापवून बुडवणं म्हणजे पाणी देणं. त्यात किती तापवलं आणि कधी बुडवलं यावर सगळा खेळ. लोखंड साधारण 770 अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं. पाट्याचं पोलाद बुडवायची वेळ त्याच्या थोडी पुढे येते. लोहार चुंबक वापरत नाही, रंग बघतो. म्हणून पुष्कळ लोहार भट्टी सावलीत ठेवतात, भर उन्हात तो रंग कळत नाही. बुडवल्यावर पातं काचेसारखं ठिसूळ होतं. मग ते पुन्हा हलकं तापवून थोडं नरम करावं लागतं. घासलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग निळा रंग चढत जातो, आणि कामाप्रमाणे कुठे थांबायचं ते ठरतं. चाकूला पिवळ्याच्या आसपास, लवायला हवं असेल त्याला निळ्याजवळ. आमची पोरं ग्राइंडरवर जोर देऊन कडक पात्याची धार निळी करून टाकतात आणि म्हणतात, रंग छान आला. तो रंग म्हणजे धारेचं पाणी उतरल्याची पावती असते.

दुसरा प्रश्न, सांधा. हल्लीच्या तलवारीत पातं मुठीला वेल्डिंग करून टाकतात. जिथे सगळा हिसका बसतो, नेमकी तीच जागा तापवून बिघडवायची. जुन्या मराठी तलवारीत काय असे? पात्याचं आखूड शेपूट मुठीच्या पोकळीत जाई आणि आत गरम लाखेचं मिश्रण भरलेलं असे. पातं मोडलं किंवा ढिलं झालं, तर मूठ तापवायची, लाख वितळते, पातं निघतं, दुसरं बसवायचं. युरोपातून आलेली फिरंगी पाती आपल्या मुठींत बसली ती अशी. म्हणजे तो सांधा दुरुस्तीचा विचार करून केलेला होता. वस्तू पिढ्यान् पिढ्या चालावी हे त्या कारागिराच्या डोक्यात होतं. वेल्डिंगच्या तलवारीत तो विचारच नाही.

चिलखताचंही तसंच. चिलखताच्या विणीत एका कडीतून चार कड्या जातात. जुन्या कामात कडीची दोन्ही टोकं चपटी करून त्यांना भोक पाडून बारीक खिळा ठोकलेला असे. कित्येकदा एक ओळ अशी आणि एक ओळ अखंड कड्यांची. आपली पोरं कुंपणाची तार पक्कडीने वाकवून कड्या करतात आणि टोकाला टोक लावून सोडतात. दिसायला झकास, पण नुसत्या बोटांनी ओढलं तरी तोंड उघडतं. आणि एक सांगून ठेवतो. कुंपणाच्या तारेवर जस्ताचा थर असतो. ती तार भट्टीत घालू नका. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

तिसरा प्रश्न, तोल. आपल्याकडे अजून अभिमानाने सांगतात की अमक्याची तलवार मणाची होती. मण म्हणजे चाळीस किलोच्या आसपास. ते पेलून घोड्यावरून लढणारा माणूस कुणी पाहिला? लढाईतली तलवार सहसा किलोभराच्या आगेमागे असते. तिचा मोठेपणा वजनात नसतो, वजन कुठे ठेवलं आहे यात असतो. पातं टोकाकडे पातळ होत जातं, मुठीला तबकडी असते, आणि बोटावर तोलून धरली तर तोल मुठीपासून थोड्याच अंतरावर येतो. मूठ लहान दिसते म्हणून ‘तेव्हाच्या लोकांचे हात लहान होते’ असंही ऐकायला मिळतं. हात लहान नव्हते. मूठ हाताला घट्ट बसावी आणि घाव ओढून घ्यावा, म्हणून ती तशी केली होती. एकसारख्या जाडीच्या पट्टीतून कापलेल्या तलवारीला हे काही नसतं, ती हातात नांगराच्या फाळासारखी लोंबते.

आता संग्रहालयांकडेही बोट दाखवलं पाहिजे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै 2024 मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली. केवढी चर्चा झाली! ती महाराजांचीच का, यावर रान उठलं. खुद्द त्या संग्रहालयाचं म्हणणं आहे की तसा पुरावा देता येत नाही. हा प्रश्न महत्त्वाचाच, आम्ही तो कमी लेखत नाही. पण ‘कुणाची’ या एका प्रश्नाखाली ‘कशी केली’ हा प्रश्न पार गाडला गेला. नखं पट्टीला कशी बसवली, कुठे कडक आणि कुठे नरम ठेवली, यावर कुणी चार वाक्यं बोललं का? त्याच वर्षी दांडपट्टा राज्यशस्त्र झाला. चांगलं झालं. पण खेळातला लवलवणारा पट्टा आणि लढाईतला पट्टा यांच्या पात्यांत काय फरक, हे शाळेतल्या मुलाला सांगणारी पाटी कुठे आहे? बहुतेक ठिकाणी काचेमागे लिहिलेलं असतं, ‘तलवार, अठरावे शतक’. वजन नाही, तोल नाही, माल नाही. मग पोरांनी चित्रावरूनच शिकायचं ना?

आणि हे सगळं माहीत असलेला माणूस कुठे बसलाय? तो रस्त्याच्या कडेला पालात बसलाय. घिसाडी, गाडीलोहार, गावातला लोहार. नवरा सांडशीत लोखंड धरून ऐरणीवर फिरवतो आणि बायको उभी राहून घण घालते. तिचा घाव एक सूतही चुकत नाही. वखराची पास पाजवायला, विळ्याला पाणी द्यायला आपण त्यांच्याकडे जातो आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. त्याच दिवशी शोभेच्या तलवारीला हजारो रुपये मोजतो. इतिहासाचा अभिमान म्हणतो तो हा. ज्याच्या घराण्याने शस्त्रं घडवली असतील त्याच्या हाताला किंमत नाही आणि मुलाम्याला आहे. आमची खरी टीका पोरांवर नाही, ती इथे आहे. हे लोक मोजके उरलेत. त्यांची मुलं या धंद्यात राहायला तयार नाहीत, आणि का राहावं? भाता बंद पडला की रंगावरून ताव ओळखणारा डोळाही गेला. तो काचेमागे ठेवता येत नाही.

म्हणून ज्यांना करायचं आहे त्यांना आमचं सांगणं साधं आहे. तलवारीपासून सुरुवात करू नका. एक तर कायदा आहे. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे नियम बघा. तलवारी, कट्यारी, आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं हा परवान्याचा विषय आहे. शेतीची आणि घरकामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. हौसेपायी पोराच्या नावावर गुन्हा लागला तर त्याची नोकरीची वाट बंद होते, हे आईबापांनीही लक्षात ठेवावं.

दुसरं, शिकण्याचा क्रमच तसा आहे. आधी विळा करा. स्वयंपाकघरातला चाकू करा, आणि तो आईच्या हातात द्या. कांदा चिरून ती जे बोलेल ती तुमची पहिली समीक्षा. चिलखत हवं असेल तर तळहाताएवढा तुकडा करा, पण प्रत्येक कडीला खिळा ठोकून. अंगभर खोट्यापेक्षा तळहातभर खरं बरं. पत्र्याचं काम करायचं तर परदेशी सरदारांची अंगभर पोलादी कवचं कशाला? आपल्या उन्हात, घोड्यावर, ती कोण घालत होतं? चारआईना करून बघा. छाती, पाठ आणि दोन्ही कुशी यांना चार पत्रे, त्यांना पट्टे, आत कापसाचा दगला. प्रत्येक पत्रा अंगाच्या वळणाने ठोकून काढायचा, नुसता वाकवायचा नाही. एवढं जमलं की नागपूरच्या अजब बंगल्यात जा किंवा मुंबईच्या संग्रहालयात अकबराच्या नावाचं कवच आहे त्याच्यासमोर उभे राहा. तुम्हाला तिथे चमक दिसणार नाही. हातोड्याच्या खुणा दिसतील, पत्रा कुठे जाड ठेवलाय आणि कुठे ताणलाय ते दिसेल. हात शिकला की डोळा शिकतो. उलटं फार क्वचित होतं.

आणि हे सगळं करताना लोहाराकडे जा. गुरू म्हणून जा, गिऱ्हाईक म्हणून नको. दिवसाची मजुरी द्या आणि भात्यापाशी बसा. पुढच्या वर्षीच्या मिरवणुकीत एखाद्या मंडळाने तलवारींच्या रांगेऐवजी एक चालती भट्टी ट्रॉलीवर ठेवली, तिच्यापाशी आपल्या तालुक्यातलं एक लोहार जोडपं मानाने उभं केलं आणि त्यांचं नाव माइकवरून पुकारलं, तर शिवकाळातल्या कारागिराला खरा मुजरा होईल. शस्त्राचं पाणी ज्यांनी दिलं, ते जोखायचा अधिकारही त्यांचाच आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. कुणी स्वतः केलेलं काही आणलं असेल, तर ते आधी तोलून बघू.