न वटलेला अर्थ

प्रतापगड म्हटले की महाराष्ट्रातल्या बहुतेकांना १६५९ साल आणि अफझलखान आठवतो. गोंदिया जिल्ह्यात मात्र कुणी ‘शिवरात्रीला प्रतापगडला जातो’ म्हणाला, तर खानाची आठवण कुणालाच येत नाही. इथला प्रतापगड अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. किल्ला आहे, महादेव आहे, दर्गा आहे आणि महाशिवरात्रीची मोठी यात्रा आहे. नाव एक, गड दोन. गॉटलोब फ्रेगे नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८९२ साली याच्या उलट प्रकार दाखवला. पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा ही नावं दोन, पण शुक्र एकच. म्हणजे नावाचा अर्थ वेगळा आणि नाव ज्याच्याकडे बोट दाखवतं ती वस्तू वेगळी. एका नावाचे दोन खातेदार आणि एका खातेदाराची दोन नावं, हे दोन्ही प्रकार बँकेत रोजचेच असल्यामुळे फ्रेगेसाहेबांशी माझं लगेच जमलं.

बाकीच्या पंडितांशी मात्र माझं थोडं भांडण आहे. मी पडलो बी.कॉम. अर्थ म्हणजे पैसा, हे आमच्या शास्त्रात पहिल्याच पानावर मिटलेलं. शब्दालाही अर्थ असतो हे फार उशिरा कळलं. तेव्हा हिशेब आमच्याच पद्धतीने मांडतो.

‘पाटलांनी बैलजोडी विकली’ यातून ‘पाटलांनी बैल विकले’ हे निघणारच. पहिलं खरं आणि दुसरं खोटं, असं होऊच शकत नाही. ही झाली रोख. आता ‘पाटलांनी पुन्हा बैल विकले’ म्हणा किंवा ‘पुन्हा विकले नाहीत’ म्हणा, पूर्वी एकदा विकले होते हे दोन्हीकडे गृहीतच. ही आरंभीची शिल्लक. मागील पानावरून पुढे येते आणि तिच्यावर कुणी सही मागत नाही. उलटतपासणी घेणारे वकील हिच्यावरच जगतात.

तिसरं खातं फसवं. ‘पाटलांचे काही हप्ते आले’ म्हटलं की आपण समजतो, सगळे आले नाहीत. पण ‘काही आले, किंबहुना सगळेच आले’ असं म्हटल्याने वाक्य काही मोडत नाही. म्हणजे आपला समज हा नुसता चेक. जमा दिसतो, वटेलच असं नाही. पॉल ग्राइस या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६७ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत याचं गणित मांडलं. समोरचा खरं, पुरेसं आणि विषयाला धरून बोलतोय असं ऐकणारा धरून चालतो आणि न बोललेलं स्वतःच भरून काढतो.

आपल्याकडे हे जुनंच. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने या न बोललेल्या अर्थाला ध्वनी म्हटलं. ‘सूर्य मावळला’ हे त्याचं घोटून घोटून पाठ झालेलं उदाहरण. गुराख्याने ऐकलं तर गुरं घरी वळवायची, चोराने ऐकलं तर कामावर निघायचं. अकराव्या शतकात महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’ लिहून हरकत घेतली: शब्दाची वेगळी शक्ती वगैरे काही नको, हे निव्वळ अनुमान आहे. धूर दिसला की अग्नी समजतो, तसंच. कारकून म्हणून माझं मत महिमभट्टाला. तेवढंच एक रजिस्टर वाचतं. पण एक अडचण आहे. धूर पाहून आपण धावत गेलो, तर ‘मी तसं म्हटलंच नव्हतं’ असं अग्नी म्हणत नाही. माणूस म्हणतो.

एका बँकेत प्रतापगडकडचा एक धानाचा शेतकरी पीककर्जाचा अर्ज घेऊन आला. साहेब म्हणाले, ‘‘कागद ठेवून जा. बघतो.’’ त्याने ऐकलं, कर्ज होईल. त्यात त्याचं काय चुकलं? द्यायचं नसतं तर कागद कशाला ठेवून घेतले असते? ग्राइसने त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. तो घरी गेला आणि रोवणीला माणसं सांगून बसला. पंधरा दिवसांनी साहेब म्हणाले, ‘‘बघतो म्हटलं होतं, देतो कुठं म्हटलं?’’ शब्दशः साहेब खरे. पण रोवणीची मजुरी शब्दांत देता येत नाही.

माझं भांडण आहे ते इथं. शाळेच्या व्याकरणात व्यंजना शिकवतात ती अलंकारांच्या शेजारी बसवून, जणू कवितेच्या कपाळावरची टिकलीच. खरी व्यंजना राहते कचेरीच्या खिडकीपाशी. तिथे बोलणारा केव्हाही अंग काढून घेऊ शकतो. ऐकणाऱ्याने मात्र त्या अर्थावर खर्च करून टाकलेला असतो. ‘‘बघतो म्हणजे काय साहेब, होईल की नाही?’’ एवढं विचारलं की चेक वटतो किंवा परत येतो, निदान कळतं तरी. पण गरजू माणूस ते विचारत नाही. ‘याचा आपल्यावर विश्वास नाही’ असा अर्थ साहेब त्यातून काढतील, याची त्याला धास्ती असते. व्यंजना त्यालाही येते, फक्त तिचा भुर्दंड दोन्ही वेळा त्याच्याच नावे पडतो.

तेव्हा पंडितांना विनंती एवढीच, की पुढच्या आवृत्तीत ‘सूर्य मावळला’च्या खाली ‘बघतो’ हेही उदाहरण घाला. आणि प्रश्न असा विचारा: वरील वाक्याचा व्यंग्यार्थ सांगा व त्यावर साहेबांची सही आणा. गुण पाच.