जिंकलेल्यांचंच वाङ्मय

मराठीत क्रीडासाहित्य म्हणून हल्ली जे छापून येतं, त्यातली चार-सहा पुस्तकं सलग वाचली की ध्यानात येतं, यात कुणी हरतच नाही. हरलाच तर पान उलटायच्या आत सावरतो. पहिल्या प्रकरणात गरिबी, दुसऱ्यात आईचे कष्ट, तिसऱ्यात गुरूची भेट आणि तिथून पदकापर्यंत सरळ रस्ता. 'जिद्द' हा शब्द शीर्षकात नसला तर उपशीर्षकात असतोच. मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी ही पुस्तकं स्पर्धा परीक्षांच्या गाइडांना खेटून मांडलेली दिसतात. मांडणाऱ्याने वर्गवारी अगदी बरोबर केलेली असते.

आधीची पिढी निदान वाचवत तरी होती. शिरीष कणेकरांचा 'क्रिकेटवेध' आणि द्वारकानाथ संझगिरींचे लेख आम्ही विदर्भातल्यांनीही चवीने वाचले. संदीप पाटील यांच्या संपादनाखालच्या 'एकच षटकार'ची आम्ही वाट बघत असू. कणेकर 2023 मध्ये गेले, संझगिरी 2025 मध्ये, आणि श्रद्धांजल्यांमधून सूर निघाला की एक युग संपलं. संपलं असेल. पण ते युग गॅलरीत बसलेल्याचं होतं. नायकाच्या प्रेमात पडलेला, हजरजबाबी, मुंबईचा प्रेक्षक. वि. वि. करमरकर तेवढे वेगळे. वर्तमानपत्रात खेळाला हक्काचं पान मिळालं ते त्यांच्यामुळे, आणि खो-खो, कबड्डीला त्यांनी त्या पानावर मानाने बसवलं. बाकीच्यांच्या लेखी खेळ म्हणजे क्रिकेट आणि क्रिकेट म्हणजे कसोटी.

खेळाडूंच्या आत्मचरित्रांत बाळ ज. पंडितांनी मराठीत आणलेलं गावसकरांचं 'सनी डेज' अजून तग धरून आहे, कारण 1976 सालचा तो तरुण किंग्स्टनच्या प्रेक्षकांवर उघडउघड भडकलेला आहे. पुढची बहुतेक आत्मचरित्रं आभारप्रदर्शनं आहेत.

अमेरिकेचं उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण बेसबॉल आपल्याला कळत नाही आणि तरीही ती पुस्तकं कळतात. बर्नार्ड मॅलमडची 'द नॅचरल' ही 1952 सालची कादंबरी. रॉय हॉब्सकडे विजेने फोडलेल्या झाडाच्या लाकडाची बॅट आहे, अंगात दैवी कसब आहे आणि तितकीच हावही आहे. शेवटच्या निर्णायक क्षणी तो बाद होतो. 1984 मध्ये रॉबर्ट रेडफर्डला घेऊन सिनेमा काढला, तेव्हा हॉलिवूडने त्याच क्षणी त्याला होम रन मारायला लावला, दिवे फुटले, ठिणग्या उडाल्या. आपली क्रीडाचरित्रं वर्षानुवर्षं सिनेमातला तो शेवट लिहीत बसली आहेत. मायकेल लुईसच्या 'मनीबॉल'मध्ये तर ओकलंडच्या गरीब संघाचा हिशेबच कथानक होतो. आपल्याकडे खेळाडूच्या पैशाबद्दल लिहिणं अजून असभ्य मानतात.

खाशाबा जाधवांचंच घ्या. हेलसिंकीचं कांस्य, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून उभे केलेले सात हजार रुपये, गोळेश्वरपर्यंतची बैलगाड्यांची मिरवणूक, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण दोन कुस्त्यांच्या मधली हक्काची विश्रांती मागायला तिथे आपला एकही अधिकारी हजर नव्हता, असं सांगतात, त्यावर कुणी प्रकरण लिहिलंय? मॅटवर उभा एकटा माणूस, दम अजून बसलेला नाही, पुढ्यात ताजातवाना सोव्हिएत मल्ल, आणि भाषा येणारं कुणी नाही. मग 1955 पासूनची पोलीस खात्यातली नोकरी, वर्षानुवर्षं रखडलेली बढती, 1984 चा अपघात, आणि मेल्यावर सोळा वर्षांनी अर्जुन पुरस्कार. मिरवणुकीनंतरची ही बत्तीस वर्षं चरित्रलेखक दोन परिच्छेदांत उरकतात. माझ्या मते पुस्तक तिथून सुरू होतं.

आणि असं पुस्तक मराठीत लिहिलं गेलं नाही, असंही नाही. पालवणकर विठ्ठल यांचं 'माझे क्रीडा-जीवन' 1948 मध्ये आलं. विठ्ठल हा गोलंदाज बाळू पालवणकरचा धाकटा भाऊ. चांभाराच्या घरातला बाळू पुण्याच्या युरोपियन जिमखान्यावर खेळपट्टी लोटायचा, नेट बांधायचा आणि ग्रेग साहेबाला तासन्‌तास गोलंदाजी टाकायचा. त्याला एकदाही बॅट हाती मिळाली नाही, कारण बॅट साहेबाची. हिंदूंच्या संघात घेतलं, ते चेंडू वळतो म्हणून. मैदानावर सगळ्यांनी एकच चेंडू हाताळायचा आणि चहाच्या वेळी बाळूने पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात प्यायचा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदूंचं कप्तानपद त्याला मिळालं नाही. 1920 मध्ये याच प्रश्नावरून त्याचे भाऊ संघाबाहेर पडले, आणि 1923 मध्ये विठ्ठल कप्तान झाला, हिंदूंनी धर्मवार संघांची चौरंगी स्पर्धा जिंकली. त्या विजयाच्या आतच बाळूचा पराभव आहे, आणि ही गोष्ट सांगायला त्या घरातला माणूस होता. रामचंद्र गुहांनी 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड'साठी हेच मराठी पुस्तक उकरून काढलं, तेव्हा कुठे इंग्रजी वाचणाऱ्यांना पालवणकर कळले. आपल्या वाङ्मयेतिहासकारांना दलित आत्मकथनांची यादी करताना 1948 सालचं क्रिकेटवरचं पुस्तक आठवत नाही. खेळाचं पुस्तक म्हणजे त्यांच्या मते साहित्य नव्हेच.

हाच खरा रोग आहे. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला पैलवानी अंगाचा गुणा तमाशात राजा व्हायला निघतो आणि नाच्या होतो. कसलेल्या पुरुषी देहाची अशी विटंबना मराठीत दुसऱ्या कुणी लिहिलेली मला माहीत नाही. पण तिच्यावरची चर्चा तमाशाची होते, तालमीची कुणी करत नाही. व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड बडोद्याहून निघाले, ते संदर्भ म्हणून कपाटात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 मध्ये बर्लिनला गेलं, हिटलरच्या ऑलिंपिकमध्ये कबड्डी दाखवून आलं. यात कादंबरी दिसत नसेल, तर मग कशात दिसते? स्मरणिकेपलीकडे त्याला जागा नाही.

आमच्या बाजूचं सांगतो. हिवाळ्यात पट भरतो, म्हणजे बैलांच्या शर्यती. बैलांची जोडी, धुरकऱ्याच्या हातातला कासरा, सेकंदाच्या तुकड्यावरून होणारी भांडणं. सात वर्षं बंदी होती, तेव्हा दावणीला बांधलेल्या पटाच्या बैलाचं आणि त्याच्या मालकाचं काय झालं, हा विषय आहे. टेनिस बॉलचे रात्रीचे सामने आहेत. फ्लेक्सवर पुढारी, बक्षिसात मोटारसायकल, आणि एकाच हंगामात पैसे घेऊन तीन गावांकडून खेळणारा डावखुरा, जो पस्तिशीत खांदा गेल्यावर सोयाबीनच्या मळणीयंत्रावर राबतो. विदर्भाने रणजी करंडक तीनदा जिंकला, त्याची यशोगाथा निघायला वेळ लागणार नाही. या डावखुऱ्याला मात्र कुणी विचारत नाही.

याच मेहकरात वकिली करता करता ना. घ. देशपांड्यांनी कविता लिहिली आणि साहित्य अकादमी मिळवली. चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे सदानंद देशमुख 'बारोमास' लिहून तोच मान घेऊन आले. तेव्हा इथली माणसं लिहीत नाहीत, हे कुणी मला सांगू नये. लिहितात, पण खेळावर लिहिलं तर समीक्षक दखल घेत नाही आणि प्रकाशक पहिला प्रश्न करतो, शेवटी पदक कोणतं मिळालं? खेळावर लिहिणाऱ्या पुढल्या कादंबरीकाराने मेहकरचंच असावं असा माझा हट्ट नाही. मात्र तो दादरच्या गॅलरीतून येणार नाही, यावर मी पैज लावायला तयार आहे.