‘जातीने कसणे’ : कुळकायद्यातील एक संकल्पना आणि कोकणातील जमिनीची धूप

भूसुधारणाविषयक मराठी लेखनात ‘अनुपस्थित जमीनदार’ या शब्दाने बहुधा खोताचेच चित्र उभे राहते. ते आता जुने झाले आहे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे कृषक दिनी, अनेक कुळे मालक झाली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आज जमिनीवर नसलेला मालक पुष्कळदा त्याच कुळाचा नातू असतो. सातबारावर त्याचे नाव आहे, गणपतीला तो गावी येतो, पण त्याची चूल मुंबईत पेटते. त्याला जमीनदार म्हणणे हास्यास्पद ठरेल. तथापि खोताच्या अनुपस्थितीत कूळ तरी बांधावर असे. येथे कोणीच नाही.

१९४८ च्या कुळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. परंतु कलम २(६) मधील ‘जातीने कसणे’ या व्याख्येत स्वतःच्या वा कुटुंबीयांच्या श्रमाबरोबरच त्यांच्या देखरेखीखाली मजुरांकरवी केलेली शेतीही बसते. व्याख्येचा सारा रोख मालक-कूळ संबंधावर आहे. मातीचे काय होते, हा प्रश्न तीत उद्भवतच नाही.

परिणाम भातखाचरांत दिसतो. शेत दुसऱ्याला करावयास दिले तर कूळ लागेल, ही धास्ती अद्याप गेलेली नाही. म्हणून चाकरमानी शेजाऱ्यालाही जमीन देत नाही आणि ती पडीक राहते. उतारावरील खाचरे एकमेकांच्या आधाराने उभी असतात. वरचा बांध फुटला आणि कोणी तो घातला नाही, तर पुढच्या पावसात पाणी घळ पाडते आणि गाळ-दगड खालच्या, अजून कसणाऱ्या शेतकऱ्याच्या रोपांवर येऊन पडतात. त्याने स्वतः बांध घालावा, तर जमीन परक्याची. संमती घ्यावी, तर सातबारावर दहा-पंधरा सहहिस्सेदार, आणि निम्म्यांचा पत्ता गावात कोणालाच ठाऊक नसतो.

वरकस जमिनीबाबत मात्र ‘पडीक म्हणजे उजाड’ हे प्रचलित समीकरण टिकत नाही. माणूस नसला तर तेथे रान वाढते, मातीही धरून राहते. (वणव्याची गोष्ट वेगळी.) धोका उद्भवतो तो मालक दूरवरून ते उभे रान एकरकमी ठेकेदाराला विकतो तेव्हा.

कलम ६५ नुसार सलग दोन वर्षे जमीन पडीक राहिल्यास वा तिचा शेतीसाठी पुरेपूर वापर न झाल्यास शासन चौकशीअंती तिचे व्यवस्थापन हाती घेऊ शकते. येथेही निकष लागवडीचाच. काटेकोर वाचनात राखलेले रान दोषी ठरते. फुटक्या बांधाचा शेजाऱ्यास होणारा उपद्रव विचारातच घेतला जात नाही. खालच्या शेतकऱ्याला वरचा बांध घालण्याचा हक्क देणारी, आणि त्यातून कुळाचा हक्क निर्माण होणार नाही असे स्पष्ट करणारी छोटी तरतूद याहून उपयोगी ठरली असती. भूसुधारणांच्या चर्चेत तशी मागणी अभावानेच आढळते.