कानाला कला कळते का?

हेर्मान हेल्महोल्ट्झ यांचा स्वरसंवेदनांवरील ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक विधान पुढच्या अनेक पाठ्यपुस्तकांत उतरले: नादाचा गुण उपस्वरांच्या तीव्रतेवर ठरतो, त्यांच्या कलेवर नाही. कला म्हणजे तरंग आपल्या आवर्तनात कोठवर आला आहे ते. हे विधान वर्गात सांगण्यापूर्वी तपासायला हवे.

हेल्महोल्ट्झ यांचा प्रयोग सुरेख आहे. विद्युतचुंबकांनी कंपत ठेवलेले नादकाटे आणि प्रत्येकापुढे एक अनुनादक. अनुनादकाचे तोंड थोडे झाकले की त्या सुराची कला बदलते. तरीही ऐकताना नादाचा गुण बदलला नाही. मात्र हे सगळे सूर अखंड, स्थिर होते. सुराचा आरंभ, शेवट आणि गोंगाट आपण वगळले आहेत, असे ग्रंथकार स्वतःच सांगतात. तेव्हा दोष ग्रंथाचा कमी. मर्यादा गाळून निष्कर्ष तेवढा उचलणाऱ्यांचा अधिक.

तबल्यावरची थाप स्थिर नसते. तिच्यातील काही वारंवारतांचा गट स्पीकरमध्ये मागे पडला, तर थाप पसरते. या मागे पडण्याला ग्रुप डिले म्हणतात. तो किती झाल्यावर कानाला कळतो, हे ब्लाउअर्ट आणि लाव्स यांनी १९७८ साली मोजून प्रसिद्ध केले: २ किलोहर्ट्झला सुमारे १ मिलिसेकंद, ५०० हर्ट्झला सुमारे ३. म्हणजे कान कलेबाबत बहिरा नाही, पण फार काटेकोरही नाही.

आता दावा दुसऱ्या टोकाचा असतो: खोलीत मायक्रोफोन ठेवा, संगणक सगळा विलंब दुरुस्त करील. पण मायक्रोफोनला थेट ध्वनी आणि भिंतींवरून परतलेला ध्वनी एकत्रच मिळतो. दोन मीटर जास्त वाट चालून आलेला ध्वनी सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा पोचतो. जेथे दोन्ही एकमेकांना जवळजवळ खोडतात, तेथे विलंबाचा आलेख एकदम उसळतो, कधी ऋणही होतो. ध्वनी निघण्याआधी पोचला, असा त्याचा अर्थ नव्हे!

शिवाय ही स्थिती त्या एका जागेपुरतीच. १ किलोहर्ट्झची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर. हा सूर स्पीकरवर सतत वाजवून विद्यार्थ्यांना डोके हळूहळू हलवायला सांगा. आठ-दहा सेंटिमीटरमध्येच सूर मोठा-लहान होतो. एका बाकावर केलेली दुरुस्ती शेजारच्या बाकावर बिघाड ठरू शकते. ५० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर, म्हणून खर्जात दुरुस्ती अधिक जागेत टिकते.

तात्पर्य, स्पीकरचा स्वतःचा विलंब जरूर सुधारावा. खोलीचा प्रश्न मात्र आधी स्पीकरची जागा बदलून आणि पडदे लावून सोडवावा.