वाणीचे वर्गांतर : इंग्रजी वाङ्मयातील एक सूत्र

१

माणसाची पायरी त्याच्या तोंडून निघालेल्या पहिल्या दोन वाक्यांवरून ठरवावी, ही सवय ब्रिटिश समाजाच्या अंगी फार खोलवर मुरलेली आहे. वस्त्रे उसनी आणता येतात, घर भाड्याने घेता येते, पैसा तर एका पिढीत मिळविताही येतो. पण बालपणी कानांवर पडलेले स्वर जिभेवरून सहजासहजी पुसले जात नाहीत. लीड्सच्या कामगारवस्तीत वाढलेला मनुष्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष इंग्रजी बोलत असला, तरी एखाद्या ऱ्हस्व स्वराचा त्याने केलेला उच्चार त्याचे गाव आणि बहुधा त्याच्या बापाचा धंदाही सांगून जातो. येथे प्रश्न उच्चाराच्या धाटणीचा, हेलाचा असतो, आणि म्हणूनच तो अधिक बोचरा असतो. व्याकरणाची चूक दाखविताना निदान एखाद्या नियमाचा आधार घ्यावा लागतो; हेलाची चूक दाखविणारा मात्र बोलणाऱ्याच्या जन्मावरच बोट ठेवीत असतो.

ज्या उच्चारपद्धतीच्या तुलनेत बाकीचे हेल गावंढळ ठरले, तिचा इतिहास फार प्राचीन नाही. जॉन वॉकर याचा उच्चारकोश १७९१ मध्ये निघाला, तेव्हा लंडनच्या सभ्य वर्तुळातील उच्चार अनुकरणीय मानण्याची प्रवृत्ती बळावली होती. पण त्या उच्चारांना कोणत्याही एका गावाशी न बांधलेल्या, निव्वळ वर्गाच्या वाणीचे रूप आले ते एकोणिसाव्या शतकात, निवासी पब्लिक स्कूलांमधून. नावाने सार्वजनिक पण वस्तुतः श्रीमंतांच्या असलेल्या या शाळांत देशभरातली मुले घरापासून तोडून एकत्र ठेवली जात, आणि बाहेर पडताना त्यांचे बोलणे एकसारखे झालेले असे. १८६९ मध्ये अलेक्झांडर एलिस याने या पद्धतीला ‘रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन’, म्हणजे मान्य उच्चार, असे म्हटले. १९१७ मध्ये डॅनिएल जोन्स यांनी आपल्या कोशात तिला ‘पब्लिक स्कूल’ उच्चार हे नाव दिले, आणि १९२६ च्या आवृत्तीत पुन्हा एलिसचेच नाव स्वीकारले. यांपैकी मधले नाव अधिक प्रामाणिक होते. ‘मान्य’ म्हटले की कोणाला मान्य, हा प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही. ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की त्या प्रश्नाचे उत्तर नावातच मिळते.

या वस्तुस्थितीला इंग्रजी ललित वाङ्मय कसे सामोरे गेले, हे पाहताना समीक्षकाचे लक्ष साहजिकच पात्रांच्या संवादांकडे जाते. कोणत्या लेखकाने कोणत्या प्रांताची बोली किती अचूक टिपली, याची चर्चा विपुल झाली आहे. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न निवेदनाचा आहे. वाणी बदलणाऱ्या माणसाची कथा शेवटी कोणाच्या वाणीत सांगितली जाते, यावर त्या कथेतील सत्याचे प्रमाण अवलंबून राहते.

२

डिकन्सची सुरुवातीची कादंबरी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (१८३७–३९) या दृष्टीने उद्‌बोधक आहे. गरीबखान्यात (वर्कहाऊसमध्ये) जन्मलेला आणि अडाणी लोकांत वाढलेला ऑलिव्हर पहिल्यापासून नितळ, सभ्य इंग्रजी बोलतो. त्याच्या भोवतीचे चोरटे लंडनची रस्त्यावरची भाषा बोलतात. ऑलिव्हरला तिचा स्पर्शही होत नाही. हा वास्तवाचा दोष डिकन्सच्या ध्यानात आला नसेल, असे मानणे कठीण आहे. त्या काळच्या वाचकाच्या दृष्टीने नायकाची निर्मळता आणि त्याची वाणी या एकच गोष्टी होत्या. हेल हा खलपात्रांचा, नोकरांचा आणि विनोदाचा प्रांत होता.

‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६०–६१) मध्ये हा संकेत डिकन्सनेच मोडला. पत्त्यांच्या डावात गुलामाला पिप गरिबांच्या घरातल्या नावाने संबोधतो आणि एस्टेला त्याला हसते. त्या क्षणापर्यंत ज्या शब्दात काही कमी आहे याची पिपला जाणीवही नव्हती, तोच शब्द त्याच्या लज्जेचा उगम होतो. ही लज्जा पुढे त्याच्या स्वतःपाशी थांबत नाही. ती त्याला शब्द देणाऱ्या लोहार जो गार्जरीपर्यंत पोहोचते. जो लंडनला पिपला भेटावयास येतो, तो प्रसंग या कादंबरीचे मर्म आहे. ज्याला त्याने अंगाखांद्यावर खेळविले त्या पोराला तो मधूनच ‘सर’ म्हणतो, मधूनच विसरून जुन्या नावाने हाक मारतो, आणि पुन्हा सावरून ‘सर’वर येतो. या हेलकाव्यात सगळे नाते उलगडून पडते.

पण डिकन्सची खरी सूक्ष्मता याही पलीकडे आहे. लहानपणी पिपने पाटीवर जोला लिहिलेले मोडक्यातोडक्या अक्षरांचे पत्र कादंबरीत जसेच्या तसे दिले आहे. ते ज्या प्रौढ, घाटदार इंग्रजीच्या मध्ये येते, ती भाषाही पिपचीच आहे. निवेदक पिप आणि बालक पिप यांच्यात जे अंतर पडले ते सांगण्यासाठी तो जी भाषा वापरतो, तीच त्या अंतराचा पुरावा आहे. पश्चात्ताप करावयाचा तोही जोला कधीच बोलता येणार नाही अशा भाषेत, ही त्या कादंबरीतील सर्वांत करुण गोष्ट होय. हार्डीच्या ‘टेस’मध्ये (१८९१) ही दरी एकाच व्यक्तीच्या दिवसात सामावली आहे. शाळेत शिकलेली टेस आईशी बोलीत बोलते आणि बाहेरच्यांशी प्रमाण इंग्रजीत. हार्डी हे दोन ओळींत नोंदवून पुढे जातो. पण टेसच्या आयुष्याची दुभंगलेली घडण त्या दोन ओळींत आधीच आली आहे.

३

बर्नार्ड शॉने हा प्रश्न उलट्या बाजूने हाताळला. ‘पिग्मॅलियन’ १९१३ मध्ये प्रथम व्हिएन्नात आणि १९१४ मध्ये लंडनमध्ये रंगभूमीवर आले. रस्त्यावर फुले विकणाऱ्या एलायझाला ध्वनिशास्त्रज्ञ हिगिन्स काही महिन्यांत सरदारघराण्यातील स्त्रीप्रमाणे बोलावयास शिकवितो. शॉच्या बुद्धिवादाला यातून एक सिद्धान्त मांडावयाचा होता : वाणी शिकविता येत असेल, तर वर्गभेद हा निसर्गाचा नियम नसून शिकवणीचा परिणाम आहे. हा सिद्धान्त नाटकात सिद्ध होतो, आणि तेथेच नाटक सिद्धान्ताच्या पुढे निघून जाते.

तिसऱ्या अंकातील चहापानाचा प्रसंग केवळ हशासाठी लिहिलेला नाही. एलायझाचे उच्चार निर्दोष झाले आहेत. परंतु त्या निर्दोष उच्चारांत ती आपल्या आत्याच्या मृत्यूची आणि दारूची हकीकत सांगू लागते. ध्वनी बदलले, त्यांत भरलेले जग मात्र जुनेच राहिले. पुढे हे जगही बदलते, आणि मग एलायझापुढे खरा प्रश्न उभा राहतो. फुलांच्या दुकानात नोकरी मिळावी एवढ्यासाठी ती शिकावयास आली होती. आता ती फुले विकण्याच्याही कामाची राहिली नाही. परदेशी नेलेल्या मुलाला स्वतःची भाषा विसरावयास लागावी तशी तिची गत झाली आहे. आपल्या शिक्षणाचे श्रेय ती हिगिन्सच्या यंत्रांना देत नाही. पिकरिंगने पहिल्याच दिवशी आपल्याला आदराने संबोधले, तेथून आपले शिक्षण सुरू झाले, असे ती सांगते. ध्वनिशास्त्राच्या नाटकात ध्वनिशास्त्राचा हा पराभव शॉने किती जाणीवपूर्वक केला असेल हे सांगणे अवघड आहे; पण नाटकाची थोरवी त्यातच आहे.

रंगभूमीला हा प्रश्न नकोसा वाटला. १९१४ च्या प्रयोगात हिगिन्सची भूमिका करणाऱ्या बीरबोम ट्री याने पडदा पडण्यापूर्वी एलायझाकडे पुष्पगुच्छ फेकला आणि दोघांच्या प्रेमाची सूचना केली. शॉ संतापला. १९१६ मध्ये त्याने उपसंहार लिहून एलायझाचे लग्न फ्रेडीशी लावून दिले. तरीही १९३८ चा चित्रपट आणि १९५६ चे संगीतक ‘माय फेअर लेडी’ यांनी तिला अखेर हिगिन्सच्या घरी परत आणलेच. या शेवटांचा दोष केवळ भावविवशता हा नव्हे. वाणी बदललेल्या माणसाने कोठे जावे, या प्रश्नाला ‘ज्याने बदलली त्याच्या घरी’ असे उत्तर देणे म्हणजे प्रश्नच मिटवून टाकणे होय.

पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ या नावाने हे नाटक मराठीत आणले, तेव्हा मूळ कथेला एक नवे परिमाण आपोआप लाभले. मराठी समाजात ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्याकडे पाहिले जाते तेव्हा त्याच्या उत्पन्नाबरोबर त्याच्या जातीचाही अंदाज घेतला जातो. फुलवाली मंजुळा रंगभूमीवर बोलू लागली की मराठी प्रेक्षकाला हसता हसता जे अवघडलेपण जाणवते, त्याचे कारण हे आहे. एलायझाला निदान आपला जन्म लपविता येतो, अशी इंग्रजी नाटकाची कल्पना आहे. आडनाव विचारणाऱ्या समाजात ती सोयही फार काळ टिकत नाही.

४

शॉचा सिद्धान्त ब्रिटिश नभोवाणीने आपल्या पद्धतीने अमलात आणला. बीबीसीने १९२६ मध्ये उच्चारांविषयी सल्लागार समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे पहिले अध्यक्ष, आणि त्यांच्यानंतर अध्यक्ष झाला तो डब्लिनचा आयरिश हेल आयुष्यभर जपणारा शॉ. १९४१ मध्ये यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्स यांनी आपल्या हेलात राष्ट्रीय बातम्या वाचल्या, तेव्हा अनेक श्रोत्यांनी नाराजी व्यक्त केली. युद्धाची बातमी परिचित गावच्या माणसाच्या आवाजात ऐकली की ती कमी विश्वसनीय वाटते, हा अनुभव विचार करावयास लावणारा आहे. ग्लासगोचा कवी टॉम लेनर्ड याने सत्तरीच्या दशकात सहाच्या बातम्यांवर कविता लिहिली, ती याच अनुभवावर बेतलेली आहे. तेथे वृत्तनिवेदकच ग्लासगोच्या बोलीत, आपण त्या बोलीत का बोलत नाही हे ऐकवितो.

वाणी बदलण्यास नकार देण्याचा मार्ग डी. एच. लॉरेन्सने शोधून पाहिला. खाणकामगार बाप बोलीत बोलणारा, आई प्रमाण इंग्रजीचा आग्रह धरणारी, हे त्याचे स्वतःचे घर ‘सन्स अँड लव्हर्स’मध्ये (१९१३) आले आहे. मुले आईच्या भाषेकडे वळतात आणि बाप आपल्याच घरात परका होतो. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’मधील (१९२८) मेलर्स हा या दोन्ही भाषांचा धनी आहे. हिंदुस्थानात लष्करी अधिकारी म्हणून राहिलेला हा माणूस उत्तम इंग्रजी बोलू शकतो. तरी प्रेमात आणि भांडणात तो डर्बीशायरच्या बोलीवर येतो. कॉनीची बहीण हिल्डा हे सोंग आहे असे त्याला सुनावते. हिल्डा अप्रिय पात्र असली तरी तिचा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. एकदा दोन भाषा आल्या की पहिलीही निवडूनच बोलावी लागते. तिचे सहजपण परत मिळत नाही. लॉरेन्सला हे दिसले, पण मान्य झाले नाही, आणि त्यामुळेच मेलर्सची बोली कधी जिवंत तर कधी प्रचारकी वाटते.

१९४४ च्या शिक्षण कायद्याने कामगारांच्या हुशार मुलांना ग्रामर स्कूलची दारे उघडली, आणि पिपचा अनुभव हजारो घरांत शिरला. रिचर्ड हॉगार्ट यांनी ‘द यूजेस ऑफ लिटरसी’मध्ये (१९५७) शिष्यवृत्तीवर शिकलेल्या, दोन्ही जगांत उपऱ्या ठरलेल्या या मुलाचे चित्र रेखाटले. त्या चित्राला वाणी दिली ती टोनी हॅरिसनने. १९३७ साली लीड्समध्ये एका बेकरीकामगाराच्या घरी जन्मलेला हा कवी शाळेत कीट्सची कविता म्हणू लागला तेव्हा त्याच्या हेलामुळे त्याला थांबविण्यात आले. ‘द स्कूल ऑफ एलोक्वेन्स’ (१९७८) या संग्रहातील कवितांत तो त्या अपमानाचा जाब विचारतो. त्याचा युक्तिवाद बिनतोड आहे. ज्या कीट्सच्या कवितेला हेल शोभत नाही असे ठरविले गेले, त्याच कीट्सला त्याच्या काळच्या टीकाकारांनी कॉकनी म्हणून हिणविले होते. वर्ड्‌स्वर्थच्या बोलण्यात उत्तरेचा हेल स्पष्ट ऐकू येई, हे हॅझलिटने नमूद केले आहे. इंग्रजी काव्याची परंपरा ‘मान्य’ उच्चारांची मिरास कधीच नव्हती. ती नंतर तशी करण्यात आली.

तथापि हॅरिसनचे मोठेपण या सुडात नाही. त्याने मेरेडिथकडून सोळा ओळींचा बंदिस्त वृत्तघाट घेतला, म्हणजे ज्या परंपरेतून त्याला बाहेर काढले गेले तिचेच घर ताब्यात घेतले. पण त्या घरात आपल्या बापाला बोलाविता येत नाही हेही त्याने पाहिले. आईच्या मृत्यूनंतर बाप आणि मुलगा समोरासमोर मुके बसतात. त्यांच्या मधोमध उभे आहे ते मुलाचे वाचन. ‘व्ही.’ (१९८५) या दीर्घ कवितेत आईबापांच्या थडग्यावर शिव्या लिहिणाऱ्या बेकार तरुणाशी कवी भांडतो, आणि शेवटी तो तरुण सही करतो ती कवीच्याच नावाने. ज्याला मागे टाकून कवी झालो तो आपणच होतो, ही जाणीव पिपच्या पश्चात्तापाहून अधिक कठोर आहे. कारण येथे क्षमा करावयास कोणी जो गार्जरी नाही.

५

या परंपरेतील अखेरचे पाऊल निवेदनाचे होते. जेम्स केलमनच्या ‘हाऊ लेट इट वॉज, हाऊ लेट’ला १९९४ मध्ये बुकर पारितोषिक मिळाले, तेव्हा परीक्षकांपैकीच एकीने जाहीर निषेध केला. चर्चा शिव्यांच्या संख्येवर झाली. खरे खुपले ते निराळेच होते. या कादंबरीत ग्लासगोची भाषा अवतरणचिन्हांच्या आत कोंडलेली नाही. अंध झालेल्या सॅमीचे विचार, वर्णन, निवेदन सारे त्याच भाषेत चालते. वाचकाला वर उभे राहून खाली पाहण्यासाठी प्रमाण इंग्रजीची एकही पायरी केलमनने ठेवलेली नाही. डिकन्सच्या पिपला जे साधणे शक्य नव्हते, ते येथे साधले आहे.

याचा अर्थ समाज बदलला असा घेणे घाईचे ठरेल. बीबीसीवर आज प्रांतोप्रांतीचे हेल ऐकू येतात. पण लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१९–२० च्या सुमारास केलेल्या पाहणीत, कोणता हेल प्रतिष्ठित आणि कोणता हलका यासंबंधीच्या कल्पना हॉवर्ड जाइल्स यांनी १९७० च्या सुमारास नोंदविलेल्या उतरंडीशी बऱ्याच अंशी जुळत असल्याचे आढळले. साहजिकच वाणी बदलणाऱ्या माणसाला दोष देता येत नाही. त्याने पोट भरण्यासाठी, अपमान टाळण्यासाठी केलेली ती तडजोड असते, आणि एलायझाप्रमाणे त्यातून त्याला काही खरे सामर्थ्यही मिळते. वाङ्मयाने त्याच्यासाठी जे केले ते एवढेच की, या तडजोडीत घराच्या स्वयंपाकघरात काय मागे राहिले याचा हिशेब त्याने कोठेतरी लिहून ठेवला. डिकन्सने तो परक्या भाषेत लिहिला, हॅरिसनने दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहून, आणि केलमनने घरातच बसून. ज्या समाजात हा हिशेब लिहिला जात नाही, तेथे ‘शुद्ध’ बोलणाऱ्या मुलाला आपल्या आईच्या बोलण्याची लाज वाटत राहते, आणि ती लाज त्याला आपल्या शिक्षणाचेच फळ वाटते.