एनजीसी 6338: पोकळ्यांच्या पलीकडे

या वेळी एक जुना पेपर पुन्हा वाचायला घेतलाय. 2012 चा, ‘मंथली नोटिसेस’मधला. लेखक पांडगे, पाटील आणि सहकारी. म्हणजे आपल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं काम. विषय आहे एनजीसी 6338, कालेय तारकासमूहातली, सुमारे 38 कोटी प्रकाशवर्षांवरची, आपल्या गटाच्या मध्यभागी बसलेली अवाढव्य दीर्घिका.

अशा दीर्घिकेभोवती कोट्यवधी अंश तापलेला वायू असतो. क्ष-किरण सोडत तो थंड व्हायला हवा, त्यातून भराभर तारे बनायला हवेत. तसं फारसं होत नाही. का? केंद्रातलं कृष्णविवर झोत सोडतं, झोत वायूत बुडबुडे फुगवतात आणि ती ऊर्जा वायूला तापवते. या बुडबुड्यांच्या खुणा, म्हणजे क्ष-किरण चित्रातल्या अंधुक पोकळ्या, या पेपरनं चंद्रा दुर्बिणीच्या निरीक्षणांतून शोधल्या.

पेपरची ताकद इथंच आहे. पोकळी एकाच पद्धतीनं दाखवून ते थांबत नाहीत. चित्रातून धूसर भाग वजा करून बघतात, गुळगुळीत मॉडेल वजा करूनही बघतात. दोन्हीकडे खड्डा दिसला, तर विश्वास वाढतो.

पण माझी अडचण पुढं सुरू होते. पोकळीची ताकद काढायला तिचं वय लागतं, आणि वयासाठी केंद्रापासूनचं अंतर. आपल्याला दिसतं ते सपाट चित्रातलं अंतर. रात्री लातूर रोडवर समोरून येणारे दोन दिवे शेजारीशेजारी वाटतात. प्रत्यक्षात एक गाडी किलोमीटरभर मागं असते. तसंच हे. बुडबुडा आपल्या दिशेनं तिरका सरकला असेल, तर खरं अंतर जास्त, वय जास्त आणि ताकद कमी.

हा मुद्दा इथं किती महत्त्वाचा, ते 2019 मध्ये ओ’सलिव्हन आणि सहकाऱ्यांच्या पेपरमधून कळलं. चंद्राची जास्त खोल निरीक्षणं, एक्सएमएम-न्यूटन आणि आपल्या खोडदची जीएमआरटी वापरून त्यांनी दाखवलं, की इथं दोन गट एकमेकांवर आदळतायत, तेही मुख्यतः आपल्या दृष्टिरेषेतच! धक्का मॅक 2.3 किंवा जास्त, वायू 5 कोटी अंशांच्या पुढं. पोकळ्यांना त्यांनी ‘संभाव्य’ म्हटलंय. तेजस्वी वायूच्या दोन धाग्यांमधली नुसती फटही पोकळीसारखी दिसू शकते.

मग नांदेडचा पेपर चुकला का? माझ्या मते नाही. त्यानं केंद्र नीट पाहिलं. दीर्घिकेच्या भोवतालचं मोठं भांडण कळायला जास्त डेटा लागला. आपल्यापैकी बरेच जण संग्रहातल्या खुल्या डेटावरच पीएचडी करतो. त्यांनी हे दोन्ही पेपर जोडीनं वाचावेत, आणि ताकदीचा आकडा लिहिताना दृष्टिरेषेतली अनिश्चितता त्याच ओळीत लिहावी.