विनावॉरंट अटक : अधिकार आणि आवश्यकता

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५४ व्या कलमान्वये वॉरंटावाचून अटक करण्यास, दखलपात्र गुन्ह्यासंबंधी वाजवी तक्रार, विश्वसनीय माहिती अथवा वाजवी संशय यांपैकी एक असले की पुरे होत असे. अटकेची गरज आहे काय, हा प्रश्न त्या शब्दांत उपस्थितच होत नव्हता. (घरफोडीचे हत्यार जवळ बाळगणाऱ्याने त्याचे कायदेशीर कारण स्वतः सिद्ध करावे, एवढी दक्षता मात्र मसुदाकारांनी घेतली होती!) १९७३ च्या संहितेत कलमाचा क्रमांक ४१ झाला, दृष्टी तीच राहिली.

अधिकार असणे निराळे आणि त्याचा वापर समर्थनीय ठरणे निराळे, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली जोगिंदर कुमार प्रकरणी स्पष्ट केला. सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक अथवा असमर्थनीय असल्याचा राष्ट्रीय पोलीस आयोगाच्या तिसऱ्या अहवालातील निष्कर्ष त्या निकालात उद्धृत आहे. हा भेद संहितेत उतरण्यास १ नोव्हेंबर २०१० उजाडावा लागला. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आवश्यक का, याची कारणे लिहून ठेवणे तेव्हापासून बंधनकारक झाले. कलमातील शब्दच कारणे म्हणून उतरविण्याची पळवाट उरली, ती २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने पुष्कळशी अरुंद केली.

परंतु सुधारणेची खरी उणीव अन्यत्र आहे. सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी जो स्वतंत्र खंड घातला गेला, त्यात नुसता संशय पुरत नाही. विश्वसनीय माहिती आणि तीवरून बनलेली सकारण धारणा लागते. येथवर तो अधिक कठोरच म्हणावा लागेल. आवश्यकतेची अट मात्र त्यात नाही. आरोपाचे गांभीर्य हेच अटकेच्या गरजेचे प्रमाण, असे येथे गृहीत धरलेले दिसते. वस्तुतः पळून जाण्याची वा पुरावा नष्ट करण्याची शक्यता व्यक्तीच्या परिस्थितीवरही अवलंबून असते, आणि आरोप कोणत्या कलमाखाली बसेल हे प्रथमतः फिर्यादीच्या कथनावरून ठरते. म्हणजे संरक्षणाची निकड जेथे अधिक, तेथेच संहिता मौन पाळते.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५ व्या कलमाने ही विभागणी कायम ठेवली. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत दुर्बल वा साठ वर्षांवरील व्यक्तीस अटक करण्यापूर्वी किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी हवी, ही नवी तरतूद स्वागतार्ह खरी. पण तेथे आवश्यकतेची अट पूर्वीपासूनच होती. गंभीर आरोपाखालील व्यक्तीस तोच प्रश्न विचारावयाचा, तर आजही कलमाऐवजी १९९४ च्या निकालाकडे बोट दाखवावे लागते.